राहूच्या फिटरबरोबर दिल्लीला, विमान मागायला

दिल्लीहून परतल्यापासून तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मला कुणी भाजीचा भाव सांगत नाही. आधी विचारतात, "काय बाई, आणलं का विमान?" जसं काही मी ते पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून आणणार होते. प्रत्येकाला उभ्याउभ्या किती सांगणार? म्हणून ही हकिगत सविस्तर लिहायला बसले आहे. जे दिल्लीला गेले नाहीत त्यांना सरकारचं हवाई खातं कसं चालतं ते कळेल, आणि माझ्या घशालाही विश्रांती मिळेल.

मी आमच्या शाळेत विज्ञान शिकवते. उड्डाणाचा धडा आला की फळ्यावर पंख काढते आणि बाण दाखवते, आणि पोरं जांभया देतात. एकदा प्रयोगशाळेतला हवेचा पंप दुरुस्त करायला आप्पा आले होते. सदाशिवआप्पा ओव्हाळ, भीमेपलीकडच्या राहू गावचे. हवाई दलात वीस वर्षं नोकरी करून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. फळ्यावरचं माझं चित्र बघून ते हळूच म्हणाले, "बाई, पंख असा न्हाई बसत. आन् चित्र कशाला काढताय? निवृत्त झालेली इमानं सरकार शाळांना देतं. मागायला पायजे निस्तं."

मला त्या रात्री झोप आली असेल तर शपथ. आख्खं विमान, शाळेच्या पटांगणात!

अर्ज झाला. आता खात्याला अर्जासोबत शाळा समितीचा ठराव लागतो, आणि विमान सुटं करून पुन्हा जोडू शकेल अशा एका तंत्रज्ञाचं नावही लागतं. समितीच्या बैठकीत मी अर्थातच आप्पांचं नाव सुचवलं. आमचे अध्यक्ष तात्या म्हणजे मोठे बागायतदार, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आप्पा हुशार हायत, वादच न्हाई. पण ते पडले दौंड तालुक्यातले. इमान शिरूर तालुक्याचं. मानूस आपल्या तालुक्यातला आसावा." आणि नाव पडलं त्यांच्या पुतण्याचं, बबनचं. बबन रांजणगावच्या कारखान्यात फिटर आहे. फिटर तो फिटर, असं सगळ्यांचं मत झालं.

तालुका हे कारण होतं हे खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा खरं वाटलं नसेल. तात्यांचे व्याही दौंड तालुक्यातलेच आहेत आणि ते आमच्या दर बक्षीस समारंभाला पहिल्या रांगेत बसतात. आप्पा बौद्धवाड्यातले, आणि शाळेत विमानासाठी बांधायच्या चौथऱ्यावर जोडणारा म्हणून त्यांचं नाव कोरलं जाणं काहींना रुचणार नव्हतं, एवढीच गोष्ट. मला ती कळली. आणि तरीही ठराव सुवाच्य अक्षरात लिहून काढायला सांगितलं तेव्हा मी मुकाट्याने लिहून काढला. एरवी माझं तोंड बंद करायला घंटा वाजवावी लागते. त्या दिवशी मला विमान हवं होतं.

पुढे खात्याचं पत्र आलं, की यादी पक्की होते आहे, शंका असल्यास समक्ष यावे. हेडमास्तरांचे गुडघे, तात्यांचा गळीत हंगाम, बबनला रजा नाही. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून जबाबदारी माझ्यावर आली. मी अट घातली, आप्पांना बरोबर न्यायचं. त्यांना माझ्याहून चांगलं हिंदी येतं, दिल्ली माहीत आहे. यावर कुणी हरकत घेतली नाही. सोबतीला जायला तालुका आडवा येत नसावा.

दौंड जंक्शन

स्टेशनवर आप्पांच्या शेजारी नऊवारी नेसलेल्या, ठसठशीत कुंकवाऐवजी बारीक गोंदण असलेल्या बाई उभ्या होत्या. पायाशी भाकरीचं गाठोडं, आणि धडप्यात बांधलेली गुळाची ढेप.

"ही शेवंता," आप्पा संकोचून म्हणाले. "म्हनली, मीबी येनार."

"व्हय, येनारच," शेवंतामावशी म्हणाल्या. "ईस वर्सं ह्ये घर सोडून कशाला हात लावीत व्हते, ते मला एकदा बगायचंय. क्वार्टर मिळालं तवा सासूबाई हातरुणात. त्या गेल्या तवा पोरांची साळा. मी एक डाव न्हाई गेले. आबाळात इमान दिसलं का पोरं म्हनायची, आई, आपल्या दादांचं चाललंय बग. म्या म्हनायची, आसंल."

इतकंच त्यांचं मागणं होतं. शाळेला विमान मिळालं की चौथऱ्यावर ते त्यांना हाताने चाचपता येणार होतं, आणि नाही मिळालं तर नाही. मला पंखांचे बाण माहीत होते, पण या प्रवासात माझ्याहून मोठी गरज घेऊन कुणी निघालं असेल असं वाटलं नव्हतं.

पुण्याहून आलेली गाडी दौंडला बराच वेळ थांबली आणि मग सुटली ती आल्या दिशेने. मी किंचाळलेच, "आप्पा, ही तर माघारी पुण्याला चालली!" डबा जवानांनी भरलेला होता, ते सगळे माझ्याकडे बघू लागले. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "बाई, दौंडात विंजन म्होरलं मागं लावत्यात. आता जरा माघारी जाऊन नगरच्या वाटंला लागंल. दौंड तालुक्याच्या मानसाला इचारायचं की." नगर येईपर्यंत त्या मला दौंड तालुक्याचे फायदे सांगत होत्या.

दिवसरात्रीच्या प्रवासातलं बाकी सगळं गाळते. फक्त खरडा आणि भाकरी एवढं सांगते. समोरच्या बाकावरचा एक पंजाबी जवान आमचा खरडा मागून खाऊन पाणी पीत, नाक पुसत म्हणाला, "माताजी, ये तो बारूद है." आणि पुन्हा हात पुढे केला.

पालम

आमचा मुक्काम आप्पांचे जुने सोबती हरपालसिंग यांच्याकडे होता. विमानतळाच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर, गच्चीवर मुळे वाळत घातलेले. दर थोड्या वेळाने एक विमान डोक्यावरून इतकं खाली जायचं की चहाच्या ग्लासात लाटा उठायच्या. पहिल्या विमानाला मी पळत गच्चीवर गेले, दुसऱ्यालाही गेले. पाचव्याला हरपालसिंगांची बायको माझ्या नवऱ्याची चौकशी करू लागली, की घरी सगळं ठीक आहे ना.

तिथल्या आणि आपल्याकडच्या पाहुणचारात एक फरक दिसला. आपण पाहुण्याला "अजून एक पोळी घ्या" म्हणतो आणि तो नको म्हणाला की मनातून सुटल्यासारखं वाटतं. तिथे विचारतच नाहीत. मुळ्याचा पराठा ताटात पडतो, वर लोण्याचा गोळा पडतो, आणि तुम्ही तोंड उघडलंत तर त्याचा अर्थ भूक असाच घेतात. मावशींनी राहूच्या गुळाची अर्धी ढेप फोडून दिली. त्या दोघी बायकांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी अर्ध्या तासात दोघी मिळून कणीक मळत होत्या आणि नवऱ्यांना हसत होत्या. कशावरून हसतात हे कळायला भाषा लागत नव्हती.

रात्री जेवणानंतर आप्पांनी पिशवीतून सेवेचं जुनं पुस्तक काढून मला दाखवलं. मी पानं चाळत असताना मावशी एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये माझं नाव. साक्षरतेच्या वर्गाला गेले तवा मला वाचता आलं." रकाना होता, माणूस दगावल्यास कुणाला कळवायचं, त्याचा.

"म्हंजी ह्ये गेले तरच माझं नाव उघडनार व्हतं," मावशी सहज म्हणाल्या, आणि सकाळच्या पराठ्यांचे मुळे कापायला निघून गेल्या. आप्पांनी पुस्तक मिटून ठेवलं.

मुख्यालय

सोमवारी सकाळी आम्ही हवाई दलाच्या मुख्यालयाच्या दाराशी. आत जायला चिठ्ठी लागते. माझ्याकडे शाळेचं पत्र होतं, आप्पांकडे पुस्तक. मावशींना पहारेकऱ्याने विचारलं, "आपका काम?"

"इमान बघायचंय," मावशी म्हणाल्या.

त्या कामासाठी रकाना नव्हता. त्या बाहेर कडुनिंबाखाली गाठोडं घेऊन बसल्या.

आत गेल्यावर माझी मान दुखली इतकी मी इकडेतिकडे बघत होते. मला वाटायचं, हवाई दल म्हणजे विमानं. तिथे एकही विमान नाही, कागद आहेत. पण काय ते कागद! एका मजल्यावर माणसं कुठे पाठवायची ते ठरतं, दुसऱ्यावर विमानांची देखभाल, तिसऱ्यावर सुटे भाग. देशातल्या कुठल्याही धावपट्टीवरच्या चाकाचा नट कुठून यायचा, हे इथे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. जुनं झालेलं विमान ताफ्यातून कमी करायचं तर त्याचीही फाइल, आणि तिच्यावर एकेका टेबलाची सही. आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, आमचंबी आसंच आसायचं. सांगाडा, पंख, चाकं माझी. विंजन दुसऱ्याचं, वायरी तिसऱ्याच्या. समद्यांनी वहीत सही केल्याबिगर पायलट शिडीला पाय लावत नव्हता." इतक्या वर्षांनंतरही ते सांगताना त्यांचे खांदे मागे गेले. मी मनात म्हटलं, पोरांना हे शिकवायला हवं, पंखांचे बाण गेले खड्ड्यात.

आमचं काम होतं एका विंग कमांडरांकडे. तरुण, गणवेशाची कडक इस्त्री, टेबलावर एकच फाइल. तिच्यावर नाव आमच्या शाळेचं! मी ते उलट्या बाजूनेच वाचलं आणि आप्पांना कोपर मारलं.

"एक विमान देता येईल," ते इंग्रजीमिश्रित हिंदीत म्हणाले. "सरावाचं, दोन माणसांचं. इथेच पालमच्या बाजूला उभं आहे. मागणारे तीन आहेत. तुमचे कागद सगळ्यात नीट आहेत, अक्षर फार सुंदर." मी लाजले. "फक्त हा बबन. इसने कभी हवाई जहाज को हाथ लगाया है?"

मी म्हणाले, "सर, तो फिटर आहे."

"कशाचा?"

"कारखान्यात. पत्रा दाबायच्या मशीनवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, पंख चुकीचा बसवला आणि तो शाळेतल्या मुलांवर पडला तर?" मग त्यांची नजर आप्पांच्या पुस्तकाकडे गेली. "आप?"

आप्पा खुर्चीतून ताडकन उठले आणि आपला नंबर, हुद्दा, ट्रेड एका दमात म्हणाले. विंग कमांडरही उठून उभे राहिले. मला काय करावं कळेना, मीही उभी राहिले.

"आणि अर्जात यांचं नाव का नाही?"

आप्पा सावधान उभे होते. गावाने ठराव केला होता, आणि स्वतःचं नाव स्वतः पुढे करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. उत्तर मी द्यायचं होतं.

"ते दुसऱ्या तालुक्यातले आहेत," मी म्हणाले.

"तालुका म्हणजे?"

मला त्यांना शिरूर आणि दौंडमधला फरक सांगता येईना. एवढ्या मोठ्या इमारतीत, जिथे आसामचा नट केरळच्या विमानाला बसतो, तिथे मी भीमा नदी मध्ये आहे असं सांगणार होते.

रस्त्यापलीकडची इमारत

विंग कमांडर म्हणाले, नाव बदलायला त्यांची काही हरकत नाही. पण मंजुरी ते देत नाहीत. "हम उडाते हैं, वो मंजूर करते हैं." वो म्हणजे रस्त्यापलीकडचं संरक्षण मंत्रालय.

आप्पा थक्क झाले. वीस वर्षं हवाई दलात काढून त्यांना ठाऊक नव्हतं, की गणवेशवाल्यांच्या वरती साधे कपडे घातलेली माणसं बसतात. यात मला नवल वाटलं नाही. आमच्या शाळेतही शिकवतो आम्ही, आणि खडूचा डबा मंजूर करतो तो साहेब वर्गाचं तोंडसुद्धा बघत नाही. देशाचा कारभार आमच्यासारखाच चालतो हे बघून मला फार बरं वाटलं.

पलीकडे भेटले ते अवर सचिव, पांढरे केस, हातविणीचा स्वेटर, टेबलाखाली छत्री. नोव्हेंबरात! या छत्रीवाल्या गृहस्थांच्या सहीशिवाय लढाऊ दलाचं एक जुनं विमान जागचं हलू शकत नाही. त्यांनी आमचा कागद चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला.

"नाव ठरावात आहे. ठराव समितीचा आहे. समितीच तो बदलू शकते. उद्या संध्याकाळी पाचला यादी बंद. फॅक्स चालेल."

मी उत्साहाच्या भरात मावशींनी दिलेला गुळाचा खडा टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला. "हे घरी न्या. फाइल गोड खात नाही." बाहेर मावशींना सांगितलं तर त्या भडकल्या. "लाच कशाला दिऊ मी? खाऊ हाय त्यो!"

संध्याकाळी एसटीडी बूथमधून मी तळेगावच्या स्टँडवरच्या बूथला फोन लावला आणि तात्यांना बोलावून घ्यायला सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. काचेच्या दाराबाहेर आप्पा आणि मावशी उभे. दाराची फट बुजत नव्हती, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"बाई, ठराव झालाय की," तात्या म्हणाले. "आता बदलायचा म्हंजी लोकं काय म्हंतील?"

"विमान दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तर काय म्हणतील?"

"बबनला जमंल. त्यो बी फिटरच हाय."

"तात्या, तालुक्याचं कारण खरं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी ते तेव्हा गपचूप लिहिलं, ते माझं चुकलं. आज बोलते आहे. आप्पांचं नाव घालायचं असेल तर विमान येईल, नाही तर मी उद्याच्या गाडीने परत येते आणि बाजारात उभी राहून का आलं नाही ते सांगते."

मीटरवरचे लाल आकडे पळत होते. नोकरी गेली तर आमचे हे काय म्हणतील याचाही विचार मध्येच डोकावून गेला.

"पूर्न नाव काय त्यांचं?" तात्या अखेर म्हणाले. "आमी आपलं राहूचा मिस्त्री म्हंतो."

मी दार उघडून आप्पांना विचारलं. त्यांनी सांगितलं, सदाशिव धोंडिबा ओव्हाळ. मी एकेक अक्षर फोनमध्ये सांगितलं. बाहेर आले तेव्हा आप्पा रस्त्याच्या दिव्याकडे बघत होते, आणि मावशींनी माझ्या हातात तोच गुळाचा खडा ठेवला. तो मी लगेच खाल्ला.

मंगळवार, पाचच्या आत

तळेगावात फॅक्स कुठला? तो होता रांजणगावच्या कारखान्यात, आणि तिथे होता बबन. म्हणजे स्वतःचं नाव कापलेला ठराव त्यालाच पाठवायला लागणार. मला रात्रभर तीच धास्ती होती.

साडेतीनला अवर सचिवांच्या खोलीबाहेरचं यंत्र गुरगुरलं. आम्ही तिघं पुढे वाकलो, त्या दिवशी मावशींनाही कशीबशी चिठ्ठी मिळाली होती. कागद बाहेर आला. पांढराशुभ्र. एक अक्षर नाही.

अवर सचिव तो उजेडात धरून म्हणाले, "आपके गांव का प्रस्ताव बहुत साफ है."

मी जिना कसा उतरले, बूथ कसा गाठला, मला आठवत नाही. कारखान्याच्या टेलिफोनवाल्याने बबनला शोधून आणेपर्यंत चार वाजून गेले.

"बबन, कागद कोरा आलाय रे!"

"आं? म्या तर नीट उतानाच ठिवला, वाचता येईल आसा."

"पालथा घाल! अक्षरं खाली!"

"पालथा व्हय! मला वाटलं त्यो वरनं बघतोय." मग त्याचा आवाज खाली आला. "बाई, एक सांगू का? लई बरं झालं. मला चार महिने झोप न्हाई. पत्रा दाबनारा मानूस मी, त्या इमानाला हात लावू व्हय? चुलत्याम्होरं बोलायची टाप नव्हती."

चार पंचवीसला दुसरा कागद आला. समितीच्या सगळ्यांच्या सह्या, पहिली तात्यांची, जरा वाकडी. आणि तळाशी कारखान्याच्या पेनाने बबनने आपल्या मनाने भर घातली होती, "माझी काही हरकत नाही. उलट आनंद आहे."

अवर सचिवांनी मला कागद दिला. "हिंदीत भाषांतर करा आणि सही करा." मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. आधीचा ठराव मी जितका सुवाच्य लिहिला होता त्याहून सुवाच्य हा लिहिला. नावापाशी आले तेव्हा पेन झटकून घेतलं आणि मग लिहिलं. त्यांनी वाचून फाइलच्या हिरव्या पानावर दोन ओळी लिहिल्या, शिक्का मारला, आणि घड्याळ बघितलं. पाचला दहा कमी होते.

"आपका जहाज," ते म्हणाले, आणि छत्री घेऊन उठले.

मी ओरडले. सरकारी इमारतीत, सगळ्यांदेखत. आप्पांनी कडक सलाम ठोकला, छत्रीवाल्यांना तो कसा घ्यावा कळेना, त्यांनी छत्रीच कपाळाला लावली.

कुंपणाबाहेर

बुधवारी शेवटचं काम. विमान जोडणारा म्हणून ज्याचं नाव आहे त्याने ते आधी तपासून ताबापत्रावर सही करायची. विमान पालमच्या एका शेडमध्ये होतं. मी पुण्याहून खास कॅमेरा मागून आणला होता, नवा रोल भरला होता, पहाटेच वेणीफणी करून तयार होते. शेडच्या फाटकाशी शिपायाने फॉर्म दिला. त्यात दोनच रकाने होते, तपासणारा आणि त्याचा एक मदतनीस.

आप्पांनी माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं आणि कॅमेऱ्याचं झाकण काढलं. त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे. मावशी नजर खाली लावून गाठोड्याची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या.

मदतनिसाच्या रकान्यात आप्पांनी शेवंता सदाशिव ओव्हाळ असं लिहिलं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब येऊन, एवढं भांडून, मी विमानाच्या पन्नास पावलांवर बाहेर उभी राहणार होते. पण मावशींनी वर बघितलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "जा मावशी, उशीर करू नका." नऊवारीचा काष्टा घट्ट करून त्या नवऱ्याच्या मागे चालू लागल्या. शिपायाने त्यांना थांबवून छातीवर बिल्ला लावला. त्यावर हेल्पर असं लिहिलं होतं.

फाटकासमोर चहाची टपरी होती. मी तीन चहा प्यायले. पत्र्याच्या भिंतीपलीकडे काय आहे त्याची कल्पना करत बसले, बाणांसकट.

दीड तासाने दोघं आली. आप्पांच्या बोटांना काळं वंगण लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मावशी टपरीच्या बाकावर बसल्या आणि आधी पाणी प्यायल्या.

"सांगा ना," मी म्हणाले.

"गार लागतं, बाई. पंखाखाली दव साचल्यालं. आन् बारीक खिळ्यांच्या रांगा, गोधडीला टाके आस्त्यात ना, तश्या. ह्येंनी माझा हात धरून त्या रांगंवरनं फिरवला. म्हनले, ही वळ माझ्यासारख्यानं मारल्याली. मग समदं इमान फिरून दाखिवलं. एका जागी म्हनले, हितं मी जेवायचो, पंखाच्या सावलीला." त्यांनी पदराने ओठ टिपले. "ईस वर्सं मी घरी जेवन वाढून ठिवलं तरी ह्ये कुठं बसून जेवत्यात ते ठावं नव्हतं."

आप्पा टपरीवाल्याकडे वळून दोन चहा सांगू लागले. एकदा सांगून झाल्यावर पुन्हा सांगितले.

"आन् बाई," मावशी म्हणाल्या, "मोठ्या वहीत माझी सही घेतली. साहेब शाईचा डबा म्होरं करत हुता, म्या म्हनलं, अंगठा न्हाई, सही. पयलं एका कागदावर नाव व्हतं माझं, ह्ये मेले तर कळवायला. आज जित्यापनी लिवलं."

मी कॅमेरा उचलला. रोलमधला तेवढा एकच फोटो मी तिथे काढला. मावशी बाकावर ताठ बसल्या आहेत, छातीवर बिल्ला आहे, आणि मागे नुसती पत्र्याची भिंत.

विमान गळीत हंगाम संपल्यावर ट्रेलरवरून येणार आहे. तोवर बाजारात कुणी विचारलं की मी पर्समधून तो फोटो काढून दाखवते. लोक तो सरळ धरतात, आडवा धरतात, डोळ्यांजवळ नेतात.

"बाई, ह्यात इमान कुठं हाय?"

"मावशींनी बघितलंय," मी म्हणते. "त्यांना विचारा."